किरायेदार निघाला की ‘सगळा खर्च’ वसूल होतो?

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात मजकूर असा: किरायेदाराविरुद्ध केस जिंकली की मकान मालकाला सगळा खर्च परत मिळतो. वकिलाची पूर्ण फी, रंगरंगोटी, घर रिकामं राहिलेल्या महिन्यांचा किराया, सगळं. नोटिशीची मुदत संपल्यापासून दुप्पट किराया लागतो. डिपॉझिट आपोआप जप्त होतं. आणि पैसे दिले नाहीत तर सामान अडकवून विकता येतं.

मी इथल्या जिल्हा कोर्टात वकिली करते आणि अशा दाव्यांत दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे. मला हा मेसेज तीन जणांनी पाठवला. रामबागेतल्या एका काकूंनी तर फोनच केला, “ताई, त्याचं कपाट आणि फ्रिज वरच्या खोलीत कुलूप लावून ठेवलंय. बरोबर केलं ना?”

नाही काकू, बरोबर नाही केलं. मेसेजमध्ये सामानाचा मुद्दा शेवटी आहे, पण मी तोच आधी घेते, कारण तिथे चूक झाली तर अडचणीत मालकच येतो. थकलेल्या किरायापोटी सामान स्वतः ताब्यात घेऊन विकायचा अधिकार मालकाला नाही. आधी पैशांची डिक्री, म्हणजे दाव्यात कोर्टाने दिलेला निकालाचा हुकूम लागतो, मग तिच्या अंमलबजावणीत जप्ती कोर्ट करतं. त्यालाही हद्द आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्तच होत नाहीत. आणि कोर्टाचा हुकूम नसताना किरायेदारालाच बाहेर काढून कुलूप ठोकलं, तर तो विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात घर कोणाच्या नावावर आहे, हे कोर्ट बघतही नाही.

वकिलाच्या फीबद्दल मात्र लोकांचा विश्वास इतका पक्का आहे की मला वाईट वाटतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच कलम ३५ प्रमाणे हरलेल्या पक्षाने खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम आहे, हे खरं. पण खर्च म्हणजे तुम्ही वकिलाच्या हातात ठेवलेली रक्कम नव्हे. आपल्याकडच्या निकालांच्या शेवटी एक ओळ हमखास असते: अभिभाषक शुल्क प्रमाणित झाल्यास किंवा सूचीप्रमाणे, जे कमी असेल ते. ‘जे कमी असेल ते’ या चार शब्दांतच मेसेजचा पहिला दावा संपतो. सूचीतली, म्हणजे नियमांच्या तक्त्यात ठरलेली वकिलाची फी आणि प्रत्यक्ष दिलेली फी यांत बहुतेक वेळा मोठं अंतर असतं. किरायेदाराने धडधडीत खोटा बचाव घेतला तर कलम ३५-अ खाली वेगळी भरपाई मागता येते, पण तिची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. कायद्याने आवश्यक असलेल्या नोटिशीचा, टायपिंगचा, साक्षीदार आणण्याचा खर्च मात्र धरता येतो. त्याच्या पावत्या फेकू नका.

रंगरंगोटी. संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ सांगतं की जागा जशी घेतली तशी परत करावी, पण वाजवी वापराने होणारी झीज सोडून. सात वर्षं माणसं राहिली तर चुना उडणार, फरशीची चमक जाणार. तो किरायेदाराचा दोष नाही. बेसिन फुटलं, वायरिंग ओढून नेलं, न विचारता भिंत पाडली, तर ते नुकसान आहे आणि मागता येतं. पण मागायचं कशाच्या जोरावर? ताबा दिला त्या दिवशीचे फोटो आणि सहीची यादी बहुतेक घरांत नसते. मग कोर्टात एकाच भिंतीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि कोणतीच सिद्ध होत नाही.

रिकाम्या महिन्यांचं उत्तर छोटं आहे. ताबा मिळाल्यानंतर नवा किरायेदार शोधायला लागलेला वेळ जुन्याच्या माथी मारता येत नाही. त्याने केलेल्या मोडतोडीमुळेच घर देता आलं नाही, हे दाखवलंत तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही दुरुस्तीला मुद्दाम उशीर केलेला चालत नाही.

आता दुप्पट किराया. हे बहुधा २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातून उचललं आहे. मुदत संपूनही न निघणाऱ्याकडून पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट किराया, अशी तरतूद त्यात आहे. पण तो केंद्राने राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्य स्वतः कायदा करेल तेव्हाच तो लागू होतो. आपले जुने खटले मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१, म्हणजे इथल्या किराया कायद्याखाली चालतात. करारनाम्यात दंडाचा आकडा लिहिला असेल तरी तो जसाच्या तसा मिळत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ती वरची मर्यादा असते आणि कोर्ट त्यात वाजवी भरपाई ठरवतं.

पण ज्यात खरा पैसा आहे, त्याचं मेसेजमध्ये नावही नाही. संहितेत त्याला ‘अंतःकालीन लाभ’ म्हणतात. हक्क नसताना जागा धरून बसलेल्याने त्या जागेतून जे मिळवलं, किंवा साधी मेहनत घेऊन मिळवता आलं असतं, ते व्याजासकट. दिल्लीच्या कॅनॉट सर्कसमधल्या एका जागेचा किराया महिना ३७१ रुपये ९० पैसे होता. बेदखलीच्या हुकुमाला स्थगिती हवी असेल तर महिना १५,००० रुपये भरा, अशी अट अपिलात घातली गेली, आणि डिसेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. किराया कायद्याचं संरक्षण असलेल्या किरायेदाराकडून हा बाजारभाव बेदखलीच्या डिक्रीपासून मागता येतो, नोटिशीपासून नाही. ताबा मिळेपर्यंत तो चालतो, पण डिक्रीनंतर जास्तीत जास्त तीन वर्षं. बाजारभाव दाखवायला त्याच गल्लीतले दोन-तीन किरायानामे लागतात. शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवलेले इथे कामी येतात.

डिपॉझिट आपोआप जप्त होत नाही. थकबाकी, मीटर मालकाच्या नावावर असेल तर राहिलेलं विजेचं बिल आणि सिद्ध होणारं नुकसान वजा करून उरलेलं परत करायचं, लेखी हिशोबासह.

आणि एक गोष्ट, जी न सांगितल्याने माणसं बुडतात. थकलेला किराया मागायची मुदत तीन वर्षं आहे, आणि ती प्रत्येक महिन्याच्या किरायासाठी वेगळी मोजली जाते. दावा लावताना तोपर्यंतची सगळी थकबाकी एकदम मागावी लागते. संहितेतलंच उदाहरण आहे: वर्षाला १,२०० रुपये किराया, १९०५, १९०६ आणि १९०७ असा तीन वर्षांचा थकलेला. मालकाने १९०८ मध्ये फक्त १९०६ चा दावा लावला. बाकी दोन वर्षांचा किराया त्याने कायमचा घालवला.

काकूंचं नेमकं इथेच अडलं होतं. विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा मालकांना स्वतःच्या गरजेसाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. १९६१ च्या कायद्यात त्यांच्यासाठी ही वेगळी वाट आहे. काकूंनी तीच धरली आणि घर मोकळं झालं. पण तो अर्ज ताब्यापुरता असतो. थकलेल्या किरायाचा दावा लावायचा राहूनच गेला, आणि त्यांना वाटत होतं की कपाट-फ्रिजमध्ये ते वळतं होईल. परवा आम्ही दोन शेजाऱ्यांसमोर खोली उघडली, सामानाची यादी केली, फोटो काढले आणि ‘पंधरा दिवसांत घेऊन जा’ असं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. मग त्यांची किरायाची वही घेऊन बसलो. सगळ्यात जुन्या थकलेल्या महिन्याला तीन वर्षं पूर्ण व्हायला एकोणीस दिवस उरले होते. दाव्याचे कागद सोमवारी लागतील.