‘वर्षाचं झालं तरी चालत नाही’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आयांच्या मोबाइलवर एक संदेश सतत पुढे पाठवला जात आहे. त्यात चार विधाने आहेत: वर्षाच्या आत न चालणारे मूल मंदबुद्धी असते, जे मूल रांगत नाही त्याच्या मेंदूची वाढ अपुरी राहते, रोज वॉकरमध्ये बसवल्यास पाय लवकर बळकट होतात, आणि मुलगा असेल तर दोन वर्षांपर्यंत निर्धास्त राहावे, कारण मुलगे उशिराच चालतात व एकदा चालू लागले की तपासणीचे कारण उरत नाही. लहान मुलांच्या फिजिओथेरपीचे काम करताना या संदेशामुळे रडत आलेल्या आया मी पाहिल्या आहेत आणि त्याच संदेशावर विसंबून फार उशिरा आलेल्याही पाहिल्या आहेत.

पहिल्या विधानाला आकड्यांनीच उत्तर देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांचे बसणे, रांगणे, उभे राहणे व चालणे नोंदवून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आहे आणि मधला आकडा १२ महिन्यांचा आहे. म्हणजे संदेशाची कसोटी लावली, तर जवळजवळ निम्मी निरोगी मुले सदोष ठरतील. आधाराशिवाय बसण्याचा काळही असाच ३.८ ते ९.२ महिने इतका पसरलेला आहे. त्यातच बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर वयाची मोजणी जन्मतारखेवरून न करता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवरून करायची असते आणि ही दुरुस्ती साधारण दोन वर्षांपर्यंत धरली जाते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या एका मुलीला वर्षाची झाली म्हणून उभे करण्याची घरात घाई चालली होती. हिशेबाने ती दहा महिन्यांची होती आणि दहा महिन्यांच्या मुलीने जे करावे ते सर्व ती करत होती. बुद्धीविषयी म्हणाल, तर सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेतून हालचालींवर येणाऱ्या मर्यादेमुळे, चालता न येणाऱ्या अनेक मुलांची समज उत्तम असते. पायांवरून बुद्धीचा निवाडा करणे चूक आहे आणि त्या मुलांवर अन्याय करणारेही आहे.

रांगण्याविषयीचे विधान अधिक सविस्तर तपासायला हवे, कारण ते ऐकायला शास्त्रीय वाटते. वरील पाहणीतच सुमारे चार टक्के मुले हात व गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरीही चालू लागली. काही मुले पोटावर सरपटतात, काही बसल्या बसल्या ढुंगणावर पुढे सरकतात, तर काही थेट भिंत धरून उभी राहतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये आपली टप्प्यांची यादी सुधारताना रांगणे त्यातून वगळले. याचा अर्थ रांगणे निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. बाळाला ज्या रीतीने हलता येईल त्या रीतीने हलण्यासाठी जमीन मिळाली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच अडचण येते. डिसेंबरात जन्मलेले बाळ जूनमध्ये सहा महिन्यांचे होते. त्याच्या रांगण्याचे दिवस आणि आपल्या पावसाचे चार महिने एकत्र येतात. जमीन ओलसर, पडवीत पागोळ्यांचे पाणी, घरात दोरीवर न वाळलेले कपडे. अशा वेळी सर्दीच्या भीतीने बाळ दिवसभर पाळण्यात, झोळीत किंवा आजीच्या मांडीवर राहते. अशा बाळाची तपासणी करताना ‘रांगते का’ एवढे विचारून खूण करणे पुरेसे नाही; त्याला रोज किती वेळ खाली सोडता, हेही विचारले पाहिजे. कोरड्या खोलीत चटईवर जाड गोधडी अंथरून, समोर वाटी-चमचा ठेवून बाळाला दिवसातून चार-पाच वेळा पालथे खेळू द्यावे. संधी मिळूनही काही आठवड्यांत हालचालीत भर पडली नाही, तर मात्र थांबू नये.

वॉकरविषयी थोडक्यात सांगता येईल. गणपतीला मुंबईहून येणारे काका-मामा तो प्रेमाने आणतात; पण त्यात बाळ चवड्यांनी जमीन ढकलते, तोल सावरायला शिकत नाही आणि त्याला स्वतःची पावलेही दिसत नाहीत. ओटीवरून अंगणात उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या हा वेगळाच धोका. कॅनडाने २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली आहे.

चौथे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते थांबायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पाहणीत मुलगे आणि मुली यांच्यात सातत्याने दिसणारा फरक आढळला नाही. चार महिन्यांनंतरही मान न धरणारे, नऊ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय न बसणारे आणि अठरा महिन्यांनंतरही न चालणारे मूल, मग तो मुलगा असो वा मुलगी, तज्ज्ञाला दाखवलेच पाहिजे. काही खुणांसाठी तर वयाची वाटही पाहू नये: वर्षाच्या आत एकच हात वापरणे, एक पाय ओढणे, अंग फार सैल किंवा फार ताठ असणे, आणि आधी येत असलेली हालचाल नाहीशी होणे. शिवाय चालू लागल्याने तपासणी संपत नाही. ड्युशेन हा स्नायूंचा आजार बहुतांशी मुलग्यांनाच होतो आणि त्यातील बरीच मुले थोडी उशिरा का होईना, चालू लागतात. पुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षी जमिनीवरून उठताना ती मांड्यांवर हात टेकत स्वतःला वर ढकलतात, पोटऱ्या जाड दिसतात आणि जिना चढणे जड जाते. घरचे अशा मुलाला आळशी म्हणतात. सीपीके ही स्नायूंची झीज दाखवणारी साधी रक्ततपासणी त्या वेळी संशयाची दिशा दाखवू शकते.

दाखवायचे कुठे, याचेही उत्तर जवळ आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच किनारपट्टीवरील पालघर येथून झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना पुढील तपासणीसाठी पाठवते. आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात ठरलेल्या असतात. शंका असेल तर त्यांना त्याच भेटीत सांगावे आणि तपासणीला जाताना बाळाचे घरातल्या जमिनीवरचे बसणे, उठणे, सरकणे यांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्यावा, कारण अनोळखी खोलीत बाळ आईला बिलगून बसते आणि जे पाहायचे तेच दिसत नाही.