ताप आला म्हणजे गोळी विषारी? काहीतरीच!

हत्तीरोगाच्या गोळ्यांवरचा तो मेसेज फिरत फिरत आमच्या आत्यापर्यंत पोचला, आणि तिने हातात आलेल्या गोळ्या डब्यात टाकून दिल्या. मेसेजचं म्हणणं असं: गोळीनंतर ताप येतो म्हणजे ती विषारी, या गोळीने डोळे जातात, जंतांच्या अंगात जिवाणू असतात, तेव्हा पाच दिवस अँटिबायोटिक घ्या की काम फत्ते, नाहीतर प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा प्या. शिवाय हे जिवाणू डास सोडणाऱ्यांनीच पसरवले, हे कारस्थान आहेच.

आधी तापाचं बघू, कारण त्यापायीच लोक गोळ्या टाकून देतात. हत्तीरोगाच्या जंतांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. जंताला त्यांच्यावाचून वाढता येत नाही की पिल्लं घालता येत नाहीत. डीईसीच्या, म्हणजे हत्तीरोगावर वाटतात त्या गोळीने रक्तातली जंताची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, मरतात, तेव्हा हे जिवाणू फुटून रक्तात पसरतात. त्यांच्या आवरणातली प्रथिनं आपल्या संरक्षक पेशी लगेच ओळखतात आणि ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू करणारी रसायनं सोडतात. दोन-तीन दिवसांत ते ओसरतं. म्हणूनच रक्तात पिल्लं जास्त त्याला त्रास जास्त, आणि ज्याच्या अंगात जंतच नाही त्याला बहुधा काहीच होत नाही. विष काय माणूस बघून चढतं?

डोळ्यांच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करायलाच हवं. रिव्हर ब्लाइंडनेस नावाचा एक वेगळा रोग आहे, मुख्यतः आफ्रिकेतला; तोही वोल्बाकिया असलेल्या एका जंतामुळेच होतो. त्याच्या रोग्याला डीईसी दिली तर डोळ्यांना खरंच इजा होऊ शकते, म्हणून तिथे आयव्हरमेक्टिन देतात. मेसेजवाल्याने दोन रोगांची खिचडी केली आहे.

पण काढ्याची फजिती होते ती याच रोगात. 2002 साली ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास आला. संशोधकांनी रोग्यांच्या कातडीखालच्या गाठींतल्या जंतांचा अर्क उंदरांच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात टोचला. पडदा सुजला, गढूळ झाला. मग डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या रोग्यांच्या जंतांचा, म्हणजे वोल्बाकिया नसलेला, अर्क टोचला, तर सूज फारच कमी. जिवाणू ओळखणारा पेशीवरचा एक रिसेप्टर ज्या उंदरांत बिघडलेला होता, त्यांच्यातही तसंच. म्हणजे नजर घालवण्यात मोठा वाटा जिवाणूंवर तुटून पडणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीचा. आणि हा गृहस्थ तीच वाढवा म्हणतो!

अँटिबायोटिकचं म्हणणं साफ खोटं नाही, म्हणूनच ते जास्त घातक. डॉक्सिसायक्लिनने वोल्बाकिया मरतात, मादी जंत वांझ होते आणि पुढे कित्येक महिन्यांनी मरते. पण त्यासाठी चार ते आठ आठवडे, रोज, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी घ्यावी लागते. पाच दिवसांत जंताचं काही बिघडत नाही. गरोदर बायका आणि लहान मुलांना तर हे औषध सहसा देतच नाहीत. शिवाय पोटातल्या साध्या जंतांत वोल्बाकिया नसतोच. फार कशाला, डोळ्यात फिरणारा लोआ लोआ नावाचा जंत हत्तीरोगाच्या जंताचा नात्यातला, पण त्याच्यातही नाही. तिथे डॉक्सिसायक्लिन काय मारणार, कपाळ?

राहता राहिले डास. डेंग्यू रोखायला वोल्बाकियावाले डास सोडतात, हे खरं. पण त्यांच्यातला वोल्बाकिया निराळ्या जातीचा असतो आणि तो माणसात पसरत नाही. जंतातला वोल्बाकिया मादीच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. तो जंताला डास चावून मिळत नाही.