माल कालवलाय

सिमेंट पाण्यात कालवल्यापासून घट्ट व्हायला लागेपर्यंत किमान 30 मिनिटं जावीत, असा भारतीय मानक ब्युरोचा दंडक आहे. आमच्या मिस्त्रींनी आम्हाला कधी पाच मिनिटंही दिली नाहीत. बाथरूमचं दार आत उघडायचं की बाहेर, जिन्याखाली कपाट काढायचं की मोकळं सोडायचं, खिडकीचा छज्जा किती पुढे घ्यायचा, असले प्रश्न यायचे ते बरोबर सकाळी पावणेदहाला. हे शाळेच्या गेटात, मी ऑफिसच्या जिन्यात, आणि फोनवर मिस्त्री : "वैनी, पट्कन सांगा, माल कालवलाय."

तसा आमच्याकडे नकाशा होता. इंजिनिअरसाहेबांनी इंचाइंचाचा काढून दिलेला, नगररचनेचे शिक्के बसलेला. पण मिस्त्रींच्या लेखी नकाशा म्हणजे जन्मपत्रिका. लग्न जुळवताना बघायची, नंतर कपाटात. त्यांची सुरळी मोटारसायकलच्या डिकीत होती आणि डिकीची किल्ली त्यांच्या मेव्हण्याकडे होती. मेव्हणा पुण्यात.

जागा साताऱ्याबाहेर, कोडोलीच्या अंगाला, अडीच गुंठे. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, त्यामुळे अडीच गुंठे म्हटलं की जहागीर मिळाल्यासारखं वाटतं. नियमाप्रमाणे चारी बाजूंनी जागा सोडली की जहागिरीचं काय होतं ते आखणीच्या दिवशी कळलं. फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. कागदावरची 12 बाय 11 ची बेडरूम जमिनीवर इतकी बारकी दिसत होती की सासूबाईंनी विचारलं, "ही देवघराची जागा ना?" ह्यांनी चपला रेघेबाहेर काढल्या, आत गेले आणि पलंगाच्या जागी आडवे झाले. मी डोक्याशी चार विटा मांडून कपाट केलं. मिस्त्रींच्या बिगाऱ्याने मालकाला असं मोकळ्या रानात उताणं पडलेलं बघून पाण्याचा तांब्या आणला. हे उठले तेव्हा शर्टावर पाठभर फक्कीचा पट्टा होता, आणि निकाल असा की पलंग बसतो, कपाट बसतं, पण कपाट उघडायचं झालं तर पलंगावर उभं राहावं लागेल. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "आखणीत लहान दिसतं. भिंती उठल्या की आणखी लहान दिसतं. रंग झाला की मोठं होतं." हे चक्क खरं निघालं, पण रंगापर्यंतचे महिने आम्ही त्या वाक्यावर काढले.

पुण्याहून ह्यांचे मावसभाऊ वास्तू बघायला आले. त्यांनी अभ्यास केलेला आहे, म्हणजे मोबाईलमध्ये होकायंत्र घेतलेलं आहे. सळईच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी मोबाईल आडवा धरला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "संडास ईशान्येला आलाय!" सासूबाई मटकन खाली बसल्या. ह्यांनी भावाला दंडाला धरून रस्त्यापर्यंत नेलं आणि म्हणाले, "आता बघ." संडास वायव्येला गेला. पुन्हा ढिगाजवळ आणलं, पुन्हा ईशान्य. लोखंडाजवळ होकायंत्राला भुरळ पडते हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं, पण मावसभाऊ डगमगले नाहीत. "म्हणजे दोष सळईचा आहे. ती आधी आग्नेयेला हलवा." हलवली. दोन बिगाऱ्यांचा अर्धा दिवस, आमच्या खात्यावर.

मग खड्डे. वरची माती काळी, आणि काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया टेकवला की भिंतीही तसंच करतात. म्हणून खालचा टणक मुरूम लागेपर्यंत जायचं. शेजारच्या प्लॉटवाल्यांना पाच फुटांवर मुरूम लागला होता. आमचा आणखी खाली दडी मारून बसला होता. जेसीबी ताशी भाड्यावर, त्यामुळे आम्ही चौघं खड्ड्याच्या काठावर वाकून मुरमाची वाट बघत होतो आणि अण्णा मनगटावरच्या घड्याळाची.

अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण वे-बिल, म्हणजे फेरीचा हिशोब, लिहायची सवय निवृत्त झाली नाही. बांधकाम सुरू झाल्यावर त्यांनी एक लांबट वही केली आणि जागेवर आलेली प्रत्येक वस्तू तीत चढायला लागली. किती पोती चढली, किती उतरली, रिकामी किती परत गेली. संध्याकाळी मिस्त्रींना थांबवून ते रिकाम्या पोत्यांचा मेळ घालायचे. एक पोतं कमी भरलं तर काम सुटलं तरी माणसं सुटत नसत.

क्रश सँडचा ट्रक आला की अण्णा टेप घेऊन शिडीने वर. ब्रास म्हणजे 100 घनफूट. ड्रायव्हर म्हणायचा दोन ब्रास आहे. अण्णा आधी फावड्याने मधला उंचवटा सपाट करायचे, मग लांबी, रुंदी, उंची घ्यायचे. एकदा पावणेदोन भरली. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, वाटंत हादऱ्यानं दबती वाळू."

"पाव ब्रास?" अण्णा वरूनच म्हणाले. "मग पाव भाडं वाटेतच उतरलं म्हण की."

सळईचा हिशोब ह्यांच्याकडे होता. व्यासाचा वर्ग भागिले 162, की एक मीटरचं वजन किलोत. 12 मिलिमीटरची 12 मीटर सळई 10.67 किलो भरली पाहिजे. गणित शिकवण्यात इतकी वर्षं गेली, पण सूत्र वापरून खरे पैसे वाचण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे हे इतके हरखले की नववीच्या वर्गाला तेच उदाहरण घातलं. पोरांनी विचारलं म्हणे, "सर, परीक्षेला आहे का?"

आता जत्रांबद्दल सांगायला हवं, कारण सातारा जिल्ह्यात घर बांधायचं तर सिमेंटच्या दराआधी पंचांग बघावं. आमचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. डिसेंबरात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, स्लॅबखालचा फळ्यांचा साचा ठोकणारे सेंट्रिंगवाले तिकडे. पौषात पालच्या खंडोबाचं लग्न, गवंडी तिकडे. पौष पौर्णिमेला मांढरदेवीला काळूबाई, बिगारी तिकडे. चैत्रात शिखर शिंगणापूर, यावेळी मिस्त्री स्वतः. यात कुणाचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही, देवाला जाऊ नका म्हणायची कुणाची छाती आहे? पण मोठ्या जत्रा संपल्या की ज्याच्या त्याच्या गावचा भैरोबा सुरू होतो, आणि तो झाला की बायकोच्या गावचा. एकदा बांधकामावर फक्त अण्णा आणि एक कुत्रं होतं. मिस्त्रींना फोन लावला तर मागे ढोल-ताशा. "वैनी, उद्या शंभर टक्के," म्हणाले. कुठल्या महिन्यातलं उद्या ते विचारायच्या आत फोन कट.

असं करत करत स्लॅब नेमका मे 2025 च्या शेवटच्या आठवड्यात आला. ज्यांना तो मे आठवतोय त्यांना पुढचं सांगायला नको. केरळात पाऊस 1 जूनला येतो, त्या वर्षी 24 मेलाच आला आणि दोन दिवसांत मुंबईत. आमच्याकडे तर वळीव आधीपासूनच रोज संध्याकाळी हजेरी लावून जात होता. पण सेंट्रिंग ठोकलेलं, सळई बांधलेली, आणि सेंट्रिंगच्या फळ्यांना पुढचं गिऱ्हाईक वाट बघत असलेलं. मिस्त्री म्हणाले, "सकाळी सातला सुरू, चारला खल्लास."

स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही. आधीचा माल सुकला आणि वर नवा पडला तर तिथे सांधा राहतो, आणि पुढे पाणी तोच सांधा शोधतं. मिक्सर धडधडत होता, लिफ्ट वर-खाली, बायका घमेली झेलत होत्या, एकजण व्हायब्रेटरची नळी ओल्या काँक्रीटमध्ये खुपसत फिरत होता. मी आणि सासूबाई खाली शंभरेक भाकरींच्या हिशोबात. स्लॅबच्या दिवशी जेवण द्यायचं असतं, आणि ते वरणभाताचं नसतं हे मला आधीच नीट समजावलं गेलं होतं. दोनच्या सुमारास अजिंक्यताऱ्यामागून ढग उठला. काळाकुट्ट, सरळ आमच्या रोखाने. एक कोपरा राहिला होता. मिस्त्री अर्ध्या स्लॅबवर उभे राहिले, डोक्याचा रुमाल काढला आणि आभाळाकडे बघून ओरडले, "आरं थांब की मर्दा, माल कालवलाय!"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. इतके महिने हे वाक्य मी एकटी ऐकत होते.

ढगानेही माझ्यासारखंच मुकाट ऐकलं. कोपरा भरून झाला, ताडपत्र्या ओढल्या आणि पाऊस कोसळला. रात्री मिस्त्री मटणाच्या रश्श्याचा तिसरा वाडगा पुढे करत म्हणाले, "बघा वैनी, क्युरिंग फुकटात." तरी काँक्रीट ओलं राहावं म्हणून दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मालाचे बारके बांध घालून वाफे केले आणि पाणी कोंडलं. किती दिवस? इंजिनिअरसाहेब म्हणाले, सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं आहे, निदान 10. मिस्त्री म्हणाले 21. अण्णांनी वहीत 21 लिहिलं आणि धो धो पावसातसुद्धा सकाळी छत्री घेऊन पाणी मारायला गेले. ओळखीच्या एका मावशींनी रस्त्यावरून हे दृश्य बघितलं आणि सासूबाईंना फोन केला की अण्णांना जरा डॉक्टरला दाखवा.

भिंती आणि प्लास्टर पावसाळ्यात उरकलं. सिमेंटचं शेवटचं पोतं सप्टेंबरच्या सुरुवातीला फोडलं. 22 सप्टेंबरला सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. अण्णांनी पेपर घडी करून ठेवला, वही उघडली आणि त्या तारखेला एकच ओळ लिहिली : "दर उतरले. गाडी गेलेली."

इलेक्ट्रिशियनचं आणि फरशीचं लांबण लावत नाही. इलेक्ट्रिशियन खडू घेऊन भिंतीसमोर उभा राहतो आणि म्हणतो, बोर्ड कुठं घेऊ? आपण जिथे सांगू तिथे पुढे कपाट येतं, हा निसर्गनियम आहे. फरशीच्या दुकानात आयव्हरी, क्रीम, बेज आणि ऑफ-व्हाइट अशा चार फरश्या मांडतात. त्या एकच आहेत असं ह्यांचं म्हणणं, आणि खासगीत माझंही.

पण ओट्याचं सांगते. त्या सकाळी फोन आला तो ह्यांना. "सर, ओट्याची उंची किती घिऊ? माल कालवलाय." ज्या माणसाने आयुष्यात चहा सोडून काही केलं नाही त्याला ओट्याची उंची! ह्यांनी, देव त्यांचं भलं करो, फोन माझ्याकडे दिला. मी ऑफिसला हाफ डे टाकला आणि रिक्षाने जागेवर गेले.

"सगळ्यांच्यात 33 इंच आसतंय," मिस्त्री म्हणाले.

"सगळ्यांची उंची पाच फूट नसते," मी म्हटलं.

मग विटा रचल्या, वर कडाप्प्याचा तुकडा ठेवला आणि मी पोळ्या लाटायला सुरुवात केली. हवेतच. हातात ओळंब्याची काठी. 33 ला खांदे कानापर्यंत आले. मिस्त्रींनी वीट काढून फरशीचा तुकडा घातला. मी पुन्हा लाटली, उलटली, भाजली. बिगारी, फरशीवाले, प्लंबर, सगळे कामं सोडून स्वयंपाकघराच्या दारात गोळा झाले. 31 वर पोळी बरोबर बसली. मिस्त्रींनी पेन्सिलने भिंतीवर रेघ मारली आणि हळहळून म्हणाले, "पाव्हणी-रावळी नावं ठिवत्यात मग." ठेवली. वास्तुशांतीला माझी नणंद, पाच फूट सहा इंच, ओट्यापाशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई बाई, हा ओटा आहे की पाट?" मी तिला म्हटलं, "वन्सं, तुम्ही नुसत्या बसून खा."

वास्तुशांत माघात झाली. येणाऱ्या प्रत्येकाने रेट काय पडला हे विचारलं आणि जिना दुसऱ्या बाजूने हवा होता हे सांगितलं. गच्चीवर कॉलमच्या सळया उभ्या ठेवल्या आहेत, वरचा मजला पुढे लेक बांधेल म्हणून. लेक बारावीत आहे. त्याने त्या सळयांना दोरी बांधून चड्ड्या वाळत घातल्या आहेत.

परवा रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मिस्त्री, मागे एक नवरा-बायको, हातात नकाशाची सुरळी. "वैनी, जरा घर दाखवू का ह्यास्नी? नवं काम हाय." आम्ही हो म्हणायच्या आत ते बेडरूममध्ये. भिंतीवर थापट मारून प्लास्टर दाखवलं, नळ सोडून दाखवला, अंथरुणात असलेल्या लेकाला न उठवता त्याच्या अंगावरून खिडकीचं ग्रॅनाइट दाखवलं. मग ओट्यापाशी आले. बाई माझ्याएवढ्याच. त्यांनी ओट्यावर हात टेकवले आणि चेहरा खुलला. "किती इंच हो?"

"31," मिस्त्री छाती काढून म्हणाले. "माझी आयडिया. बाया-माणसांच्या कंबरंचा इचार करावा लागतो."

मी गॅस बारीक केला. तेवढ्यात मिस्त्री बाईंच्या नवऱ्याला गच्ची दाखवायला वर घेऊन गेले आणि बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "माणूस कसा आहे हो? वेळेत देतो का काम?"

मी उत्तर जुळवत होते. पण अण्णा आधीच वही घेऊन कोपऱ्यातून उठले होते.

"काम एक नंबर," ते म्हणाले. "फक्त त्यांच्या बायकोचं गाव कुठलं, ते आधी विचारून घ्या."