शेवग्याची भुकटी आणि प्रतिजैविके: एका दाव्याचा प्रतिवाद

‘शेवग्याच्या पानांच्या भुकटीत दुधाच्या सतरापट कॅल्शियम आणि संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व असते, शिवाय तिचा अर्क जीवाणू मारतो, म्हणून रोज चमचाभर भुकटी घेणाऱ्याला प्रतिजैविकांची गरज पडत नाही,’ असा दावा सध्या सर्वत्र फिरतो आहे.

त्यातला सतरापटीचा आकडा मनगढंत नाही, पण तो १०० ग्रॅम सुक्या भुकटीचा १०० ग्रॅम दुधाशी तुलना करून काढलेला आहे. शंभर ग्रॅम भुकटीत साधारण २००० मिलिग्रॅम कॅल्शियम धरले, तर पाच ग्रॅमच्या चमच्यातून १०० मिलिग्रॅम मिळते. दोनशे मिलिलिटर दुधातून मात्र सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. क जीवनसत्त्वाचा आकडा तर ताज्या पानांचा आहे आणि वाळवताना त्याचा मोठा भाग नष्ट होतो. शेवग्याचे पान पौष्टिक आहे, याबद्दल वाद नाही.

दाव्याचा दुसरा भाग अधिक घातक आहे. प्रयोगशाळेत आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या बशीत जीवाणू वाढवून त्यांवर अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात आणि तिच्याभोवती जीवाणू न वाढलेले वलय मोजतात. असे वलय असंख्य वनस्पतींच्या अर्कांभोवती दिसते, परंतु तो अर्क बहुधा इथेनॉल किंवा मिथेनॉल या अल्कोहोलांमध्ये काढलेला असतो आणि वलयाचा आकार त्यातील रेणू आगरमध्ये किती सहज पसरतात यावरही ठरतो. खरा प्रश्न मात्रेचा आहे. जीवाणूंची वाढ रोखण्यासाठी कच्च्या अर्काचे प्रमाण पुष्कळदा दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक लागते, तर संवेदनशील जीवाणूंना सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा दर मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भागही पुरतो. प्रौढाच्या सुमारे पाच लिटर रक्तात अर्काचे ते प्रमाण गाठायचे, तर पाच ग्रॅम अर्क पचनात काहीही न बदलता जसाच्या तसा रक्तात उतरावा लागेल, आणि तसे होत नाही.

‘अनेक औषधे वनस्पतींतूनच आली’ हे यावरचे उत्तर खरे आहे, पण ते दाव्याच्या विरोधातच जाते. हिवतापावरील आर्टेमिसिनिन १९७२ साली चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने वनस्पतीतून वेगळे केले, तेव्हा उष्णतेने गुण नाहीसा होतो हे ओळखून त्यांनी कमी तापमानाला ईथर हे द्रावक वापरले. पुढे शुद्धीकरण, मात्रानिश्चिती आणि रुग्णांवरील चाचण्या झाल्या. भुकटीच्या बाबतीत हे टप्पे गाळून थेट उपचाराची शिफारस केली जाते, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग झालेला रुग्ण तिच्यावर विसंबून थांबला, तर तेवढ्या दिवसांत तो संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो.