स्वस्त गोल्फ कोर्स हवाय? मग आधी छोटा कोर्स शोधा

गोल्फ आपला खेळ नाही, तो पैसेवाल्यांचा, असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. त्याहून वाईट वाटतं ते नुकताच खेळायला लागलेला माणूस दोन-तीन कोर्सची, म्हणजे मैदानांची, ग्रीन फी (तिथे खेळायची फी) विचारतो आणि क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, गुंडाळून ठेवतो तेव्हा. अशा बहुतेकांचा शोध एकाच ठिकाणी अडलेला असतो. टीव्हीवर स्पर्धा बघितलेली असते, डोळ्यांत तो हिरवागार कोर्स भरलेला असतो आणि तसाच कोर्स कमी पैशांत कुठे मिळेल हे ते शोधत असतात.

तसा कोर्स कमी पैशांत मिळणं अवघडच, कारण तो सांभाळायलाच पैसा लागतो. ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत जागेवरचं, गवत जितकं बारीक ठेवायचं तितकी कापणी वाढते, मोसमात तर रोज करावी लागते. गवत बारीक असलं की रोगही लवकर पडतात, म्हणजे फवारणी आली. एक बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, घ्या. त्याला चांगली वाळू लागते, खाली पाण्याचा निचरा लागतो, कडा कापाव्या लागतात आणि खेळणाऱ्यांनी तुडवलेली वाळू दाताळं फिरवून सारखी करायला माणूस लागतो. असे साठ-सत्तर बंकर धरा. कोर्स सात हजार यार्डांचा असेल तर तेवढ्या फेअरवेला, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला, पाणी आणि खत. हे सगळं शेवटी ग्रीन फीवरच येतं.

आणि त्यातलं आपल्याला उपयोगी किती? बंकरमधून चेंडू बाहेर काढायला तीन फटके घेणाऱ्याला त्या साठ बंकरांचा फक्त त्रास. ज्याचा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, दोनशे यार्डांच्या आत पडतो त्याला चारशे सत्तर यार्डांचा पार फोर, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल, खेळायला लावणं ही शिक्षाच. कोर्स महाग करणाऱ्या बहुतेक गोष्टी हौशी माणसाचा खेळ बिघडवतात, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून कोर्स शोधताना आधी तो छोटा, साधा, कमी बंकरांचा आणि पायी खेळता येईल असा आहे का ते बघावं. मग फी बहुतेक वेळा आपोआप आवाक्यात येते.

नऊ होलच्या कोर्सला नाक मुरडणारे खूप भेटतात. ‘अठरा होलचा पूर्ण राउंड झाला नाही तर काय मजा’ म्हणतात. पण अठरा हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला एका राउंडमध्ये 22 होल खेळत असत. 1764 मध्ये सुरुवातीचे काही होल एकत्र केले आणि ते अठरा झाले. 1860 मध्ये ओपन चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा पहिल्यांदा स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकला झाली तो कोर्स बारा होलचा होता, त्याच्या तीन फेऱ्या एका दिवसात खेळल्या गेल्या. मग नऊ होल खेळून घरी जाणाऱ्याने कमीपणा का मानायचा? आता तर नऊ होलचा स्कोअरही हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी, धरतात. दोन-अडीच तासांत खेळ होतो, ही नोकरी आणि मुलंबाळं असलेल्यांसाठी मोठी सोय आहे.

सार्वजनिक कोर्स म्हणजे दुय्यम दर्जा, ही समजूतही सोडायला हवी. सेंट अँड्र्यूजचे लिंक्स, म्हणजे समुद्रकाठचं गोल्फचं माळरान, ही सार्वजनिक जमीन आहे. 1974 च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट तिथले कोर्स चालवतो. त्यातल्या ओल्ड कोर्सवर रविवारी सहसा खेळ बंद असतो आणि लोक तिथे फिरायला येतात. त्याच आवारात बालगोव्ह नावाचा नऊ होलचा कोर्स आहे, मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज स्टेट पार्कमध्ये पाच कोर्स आहेत. त्यातल्या ब्लॅक नावाच्या कोर्सवर 2002 आणि 2009 मध्ये यूएस ओपन ही मोठी स्पर्धा झाली. हा कोर्स अतिशय कठीण आहे, फक्त कसलेल्या खेळाडूंनीच खेळावा, अशी पाटीच पहिल्या टीजवळ, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेजवळ, आहे. तरी सगळ्यांना ब्लॅकच हवा असतो. ग्रीन आणि यलो नावाचे कोर्स त्याच पार्कमध्ये आहेत, सोपे आहेत, ब्लॅकपेक्षा स्वस्तही आहेत. मी हौशी माणसाला डोळे मिटून तिकडेच पाठवीन.

कोर्सची पारख कशी करायची? स्कोअरकार्ड मागा आणि स्लोप रेटिंग बघा. तो आकडा 55 ते 155 मध्ये असतो, 113 हा प्रमाण मानतात. आकडा जितका मोठा तितका तो कोर्स कसलेल्या खेळाडूपेक्षा सामान्य खेळाडूला जास्त छळतो. प्रत्येक टीचा स्लोप वेगळा असतो, त्यामुळे पुढच्या, म्हणजे भोकाच्या जास्त जवळच्या, टीवरून खेळलं तर तोच कोर्स बराच माणसात येतो. पुढच्या टीवरून खेळण्यात लाज कसली, हे मला कधीच कळलेलं नाही.

फी विचारताना कार्ट (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) त्यात धरली आहे का आणि पायी खेळू देतात का, हे आधीच विचारा. काही ठिकाणी कार्ट सक्तीची असते आणि स्वस्त वाटलेली फी एकदम फुगते. सूर्य कलल्यावरचा ट्वायलाइट दर बऱ्याच कोर्सवर मिळतो. अंधार पडेपर्यंत जेवढे होल होतील तेवढे आपले. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी टी टाइमही, म्हणजे खेळ सुरू करायची वेळही, सहज मिळतो.

अजून एक प्रश्न फोनवर जरूर विचारा: ग्रीनचं एअरेशन कधी आहे? मुळांना हवा मिळावी म्हणून ग्रीनभर बोटाएवढी भोकं पाडतात आणि वर वाळू पसरतात. पुढे एक-दोन आठवडे पट, म्हणजे ग्रीनवर भोकाकडे घरंगळत नेलेला चेंडू, उड्या मारत जातो. कोर्स प्रामाणिक असेल तर त्या काळात फी उतरवतो. पट नीट जावा असं वाटत असेल तर ते दिवस टाळा. पण नुकताच शिकत असाल आणि फेअरवेवरच्या फटक्यांचा सराव हवा असेल तर मुद्दाम तेच दिवस गाठा. फेअरवे तेच असतात, गर्दी नसते आणि मागे कुणी ताटकळत उभं नसल्यामुळे फटका चुकला तर दुसरा चेंडू खाली टाकून पुन्हा मारता येतो.