जुनी गाडी, नवं हार्नेस : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

‘साठ-सत्तरच्या दशकातली मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची अमेरिकन गाडी, घेतलीत? मग सगळ्यात आधी तिचं वायरिंग मुळापासून उपटा. पन्नास वर्षांची वायर कधीही पेट घेईल. २१ सर्किटचं नवं हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा तयार जुडगा, आणा, एका शनिवार-रविवारात टाका. त्यात सगळीकडे पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. फ्यूज जास्त, म्हणून गाडी सुरक्षित. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही एका वायरचा बसवा. इलेक्ट्रिकचे सगळे त्रास कायमचे संपले! जुनं फेकून द्या.’

अमेरिकेत जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये हा सल्ला इतका फिरलाय की नवीन माणूस गाडी घरी आणण्याआधीच किटची ऑर्डर देतो. मीही दिली होती. मी डेट्रॉइटजवळ राहतो. गाडी १९७० ची डॉज चॅलेंजर, इंजिन ३८३ घनइंचांचं, इथून जवळच हॅमट्रॅमॅकच्या कारखान्यात बनलेली. दिवे लावले की ते पिवळट, मंद लागायचे आणि त्याच वेळी इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायचा. मी जुनं वायरिंग काढलं, नवं युनिव्हर्सल, म्हणजे कुठल्याही गाडीला चालणारं, हार्नेस टाकलं. शेवटची वायर जोडली, दिवे लावले. ते तसेच मंद, आणि काटा तसाच वर.

दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत होता. आधीच्या मालकाने इंजिन-बे सुंदर रंगवून घेतला होता, आणि इंजिनापासून फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) जाणारी अर्थची पट्टी त्या ताज्या रंगावरच बोल्टने आवळलेली होती. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी बारकी वायरही तशीच. दिवे लावून इंजिन ब्लॉक आणि बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला तर १.३ व्होल्ट. तिथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवं होतं. रंग खरवडून धातू उघडा केला, पट्टी पुन्हा आवळली, वीस मिनिटांत दिवे पांढरे झाले. काट्याचं कोडंही त्यातच सुटलं : तापमान मोजणारा सेंडर इंजिनाला अर्थ होतो आणि डॅशबोर्डवरचं मीटर बॉडीला. दोघांची ‘शून्य’ पातळी वेगळी झाली की काटा खोटं बोलतो. त्या सल्ल्यातलं एकेक वाक्य घेऊन मला इथे उत्तर द्यायचंय ते यासाठी.

‘पन्नास वर्षांची वायर पेटते.’ तांबं वयाने थकत नाही. थकतात ती वायरची टोकं. १२ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक) २० फूट वायरचा रोध साधारण ०.०३ ओहम असतो. गंज चढलेल्या, सैल झालेल्या एका कपलरच्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लगच्या) पिनमध्ये ०.०५ ओहम सहज सापडतो. म्हणजे ती एक पिन वीस फूट वायरपेक्षा जास्त अडवते. तिच्यातून ३० अँपियर गेले तर दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि ४५ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगच्या कामाला एवढीच उष्णता लागते. इथे ती नखाएवढ्या पिनवर, प्लॅस्टिकच्या घरात एकवटते. आग लागते ती अशी. इन्सुलेशन कडक होतं हे खरं, पण ते मुख्यतः एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ आणि बॅटरीच्या ॲसिडच्या आसपास. तिथली वायर वाकवून पाहा. भेगा पडल्या, किंवा सोलल्यावर तांबं काळं-हिरवं निघालं, तर ती शाखा बदला. डॅशबोर्डच्या आत सावलीत राहिलेली वायर मात्र बहुतेक वेळा अजून मऊ असते.

आता या दाव्यातला सगळ्यात खरा भाग, आणि तिथेच मला सगळ्यात जास्त थांबायचंय. क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये, म्हणजे चॅलेंजर, चार्जर, रोड रनर यांत, कारखान्याच्या वायरिंगमध्येच एक अशक्त जागा आहे. अल्टरनेटरची जाड वायर आणि बॅटरीकडची जाड वायर, दोन्ही फायरवॉलवरच्या मोठ्या कपलरमधल्या साध्या चपट्या पिनांमधून आत येतात आणि डॅशबोर्डमधल्या करंट मोजणाऱ्या अ‍ॅमीटरच्या दोन बोल्टना मिळतात. ते कपलर वितळलेलं मी एका मित्राच्या १९६९ च्या चार्जरमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून ‘गाडीचा सगळा करंट अ‍ॅमीटरमधून जातो’ असं सांगत लोक घाबरवतात.

पण वायरिंगचा नकाशा नीट वाचा. अल्टरनेटरची वायर आत आल्यावर अ‍ॅमीटरच्या अलीकडे एका पक्क्या जोडावर फुटते. दिवे, इग्निशन, फ्यूजबॉक्स यांना तिथूनच पुरवठा होतो. गाडी चालू असताना आणि बॅटरी भरलेली असताना अ‍ॅमीटरमधून फक्त बॅटरीला जाणारा थोडासा चार्ज वाहतो. संकट येतं ते मालकाने नंतर जोडलेल्या गोष्टींमुळे. विजेचा रेडिएटर पंखा, मोठा ॲम्प्लिफायर, जादा दिवे यांची वायर लोक सरळ बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लावतात. मग अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतचा तो सगळा करंट त्या दोन चपट्या पिना आणि अ‍ॅमीटर पार करूनच जातो. मूळ रचना जेमतेम ४०-६० अँपियरच्या अल्टरनेटरसाठी केलेली. वर १०० अँपियरचा अल्टरनेटर बसवला की पिन लालबुंद होणारच.

यावरचा उपाय माहीत आहे आणि तो स्वस्त आहे. अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या बाजूला एक जाड वायर योग्य फ्यूजसह बाहेरूनच न्यायची, आणि नंतर जोडलेला प्रत्येक जादा भार अल्टरनेटरच्या बाजूने घ्यायचा. कपलरच्या पिना काढून घासायच्या, सैल असतील तर वायरीच्या टोकांना नव्या थिंबल (धातूची जोडटोकं) दाबायच्या. अ‍ॅमीटर जागेवर राहतो, फक्त तो कमी दाखवतो. हवं तर शेजारी व्होल्टमीटर लावा.

उलट, ‘हुबेहूब कारखान्यासारखं’ नवं हार्नेस घेतलंत, तर त्याच्याबरोबर तीच चपटी पिन आणि तोच अ‍ॅमीटरचा रस्ताही नवाकोरा घरी येतो. रोग रचनेत असेल तर नव्या वायरने तो फक्त काही वर्षं पुढे जातो. हे किट विकताना सांगितलं जात नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतोय.

‘फ्यूज जास्त म्हणजे सुरक्षित.’ फ्यूज वायरचं रक्षण करतो आणि तेही स्वतःच्या पुढच्या वायरचं. बॅटरीपासून फ्यूजबॉक्सपर्यंतची वायर ही गाडीतल्या जाड आणि घातक वायरींपैकी एक. तिच्या मागे काय आहे ते आधी बघा. डेट्रॉइटचे कारखाने तिथे फ्युजेबल लिंक, म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेला वायरचा तुकडा, वापरत. ढोबळ नियम असा, की लिंक तिच्या पुढच्या वायरपेक्षा चार गेज बारीक : १० गेजच्या वायरला १४ गेजची लिंक. वायरऐवजी ती आधी वितळते. किट बसवताना मुख्य वायर लांबवून, त्या टोकाला लिंक किंवा मोठा फ्यूज न लावता थेट बॅटरीला जोडलेली मी पाहिली आहे. आत २१ फ्यूज आणि बाहेर सहा फूट बेवारस जिवंत वायर. अशी गाडी जुन्या गाडीपेक्षा जास्त धोक्याची.

हेडलाइटचं तर वेगळंच. जनरल मोटर्सच्या गाड्यांत हेडलाइटला फ्यूज दिसत नाही म्हणून लोक हळहळतात. तो मुद्दाम दिलेला नाही. दिव्याच्या स्विचच्या आतच तापून उघडणारा आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळणारा सर्किट ब्रेकर असतो. शॉर्ट झाला तर दिवे लुकलुकतात, पण रात्री वळणावर अचानक पूर्ण अंधार होत नाही. असा विचार कुणीतरी केला होता. तुमचं किट तिथे साधा फ्यूज देत असेल, तर डाव्या-उजव्या दिव्यांचे फ्यूज तरी वेगळे करा.

मंद दिव्यांसाठी पूर्ण हार्नेसची गरज क्वचितच पडते. जुन्या रचनेत दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, मग पायाच्या डिमर स्विचमधून फिरून येतो. बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. अल्टरनेटरपाशी १३.५ असताना बल्बपाशी १२ पोहोचले, तर प्रकाश एक तृतीयांशाने कमी. दोन रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच) लावा, त्यांच्या ३० नंबरच्या पिनला अल्टरनेटरकडून फ्यूजसह जाड वायर द्या, जुना स्विच फक्त रिले चालवेल. एका दुपारचं काम.

‘नव्या हार्नेसमध्ये सगळीकडे पूर्ण १२ व्होल्ट मिळतात.’ हे कौतुकाने सांगितलं जातं आणि इथेच सर्वाधिक नुकसान होतं. या गाड्यांत दोन ठिकाणी पूर्ण १२ व्होल्ट मुद्दाम रोखलेले असतात.

पॉइंट्सच्या, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या धातूच्या संपर्कांच्या, जुन्या इग्निशनला चालताना कमी व्होल्टेज लागतं. शेव्हरलेने त्यासाठी ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलपर्यंत कापडी आवरणाची रोधक वायर घातली, फोर्डने डॅशमागे गुलाबी रोधक वायर, क्रायस्लरने फायरवॉलवर चिनी मातीचा बॅलास्ट रेझिस्टर. पॉइंट्स ठेवून ही वायर काढलीत तर पॉइंट्स जळतात. उलट नंतरच्या काळातलं जनरल मोटर्सचं एचईआय हे पॉइंट्स नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आणि ती रोधक वायर तशीच ठेवली, तर ठिणगी लुळी पडते. कुठलंही किट हा निर्णय तुमच्यासाठी घेत नाही.

क्रायस्लरमध्ये आणखी एक पेच आहे. किल्लीवर इग्निशनचे दोन वेगळे मार्ग असतात : गाडी चालू असतानाचा बॅलास्टमधून जातो, सेल्फ मारतानाचा बॅलास्ट वगळून. सेल्फ मारताना पहिला मार्ग बंद असतो. युनिव्हर्सल किटमधली इग्निशनची एकच वायर त्या पहिल्या मार्गावर जोडली, की इंजिन सेल्फवर नुसतं फिरत राहतं आणि किल्ली सोडताना एखाद्या क्षणी धडपडतं. याउलट किल्ली फिरवताना सुरू होऊन सोडताच बंद पडणारी गाडी दिसली, तर आधी बॅलास्ट तपासा. तो काही डॉलरांत मिळतो.

दुसरी जागा डॅशबोर्डचे काटे. फोर्ड आणि क्रायस्लरच्या पेट्रोल-तापमानाच्या काट्यांना बारा व्होल्ट सरळ मिळत नाहीत. आत एक छोटा नियामक बारा व्होल्ट टकटक चालू-बंद करून सरासरी पाचच्या आसपास आणतो. किटची ‘मीटरसाठी’ असं छापलेली वायर थेट काट्यावर गेली, की तो जळतो. मूळ काट्यांची जोडी शोधायला महिने जातात. नियामकाला स्वतःची अर्थ लागते. डॅशचं पॅनल रंगवून परत बसवताना ती तुटली तर नियामक टकटक करायचं थांबतो आणि पूर्ण व्होल्टेज पुढे सोडतो. इथेही गुन्हेगार पुन्हा तोच रंग.

‘एका शनिवार-रविवारचं काम.’ २१ सर्किट म्हणजे निदान ४२ टोकं, आणि मागचे दिवे, दारांचे स्विच, हॉर्न अशा शाखा धरल्या तर त्याहून बरीच जास्त. युनिव्हर्सल किटमध्ये प्रत्येक टोक तुम्ही कापायचं, सोलायचं, दाबायचं. कारखान्यात एका थिंबलला दोन पकडी असायच्या, एक तांब्यावर आणि दुसरी इन्सुलेशनवर. दुसरी पकड कंपनाचा ताण घेते. दुकानातल्या लाल-निळ्या टोप्या पक्कडीने चेपून ते होत नाही. त्यासाठी उघड्या थिंबलचं योग्य दाबयंत्र घ्या. किटवर पैसे खर्च करून या यंत्रावर वाचवणं मला समजत नाही. मला पाच शनिवार-रविवार लागले आणि मी घाईत नव्हतो.

शिवाय बरीच किट जनरल मोटर्सच्या रंगांनुसार असतात. ती क्रायस्लरमध्ये घातलीत तर कारखान्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला नकाशा, ज्यात प्रत्येक वायरचा क्रमांक, गेज आणि रंग लिहिलेला असतो, तुमच्या गाडीला लागू राहत नाही. स्वतःचा नकाशा कागदावर काढून ठेवा. दहा वर्षांनी तो तुम्हालाच लागेल.

एका वायरच्या अल्टरनेटरबद्दल थोडक्यात. तो फक्त स्वतःच्या बोल्टवरचं व्होल्टेज बघतो, पुढे वाटेत किती गळतंय हे त्याला कळत नाही. शिवाय सुरू झाल्यावर एकदा रेस दिल्याशिवाय बरेच जागे होत नाहीत. तीन वायरच्या अल्टरनेटरची एक वायर दूरच्या मुख्य जोडावर नेऊन ठेवली, तर तो तिथलं व्होल्टेज सांभाळतो. एवढ्या दोन जादा वायरी वाचवण्यात काय मिळवलं?

मी नव्या हार्नेसच्या विरोधात नाही. आधीच्या चार मालकांनी कापून, टेप गुंडाळून, स्पीकरच्या वायरीने जोडलेलं वायरिंग असेल. एकदा आतून जळलेलं असेल. फ्युएल इंजेक्शन, विजेचा पंखा आणि एसी एकत्र बसवायचे असतील, तर नवं हार्नेसच योग्य. तेव्हाही युनिव्हर्सलऐवजी तुमच्या मॉडेलसाठी बनवलेलं घ्या. कॅमारो, मस्टँगसारख्या गाड्यांसाठी ती मिळतात, आणि त्यांत आजच्या उष्णतारोधक आवरणाची वायर व आजचे चपटे फ्यूज असतात. तो खर्च सार्थकी लागतो.

पण आधी एक तास मोजा. इंजिन १५०० फेऱ्यांवर, दिवे आणि ब्लोअर चालू. मल्टिमीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर : अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मग अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह : ०.२ च्या आत. मग इंजिन आणि बॉडी. आकडा जिथे फुगतो तिथे एकेक कपलर ओलांडत मागे या. मी हे आधी केलं असतं, तर माझ्या चॅलेंजरचं मूळ हार्नेस आजही तिच्यातच असतं.

‘जुनं फेकून द्या’ हे शेवटचं वाक्य. अजिबात फेकू नका. त्यातले दिव्यांचे होल्डर, त्या वर्षापुरतेच बनलेले कपलर पुन्हा लागतात, आणि प्रत्येक शाखेची नेमकी लांबी त्याच्यावरच मोजता येते. माझं तळघरात खिळ्याला लटकवलंय, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून. गेल्या हिवाळ्यात आणखी एक चॅलेंजरवाला ते मापासाठी घेऊन गेला होता. त्याच्या मागच्या दिव्यांची शाखा उंदरांनी खाल्ली होती, आणि बाकी सगळं हार्नेस शाबूत होतं. त्याने तेवढीच शाखा माझ्या मापावरून बनवली.