गाठीबद्दल, आणि त्या एका वाक्याबद्दल

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया गेल्या पाच दिवसांत मी पुन्हा पुन्हा वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर ते रागाच्या भरात गेलं असतं, म्हणून थांबले. बाकीच्या वाचकांसाठी आधी तिचा गोषवारा देते. गेल्या महिन्यात आमचा २३ वर्षांचा मित्र कड्यावरून उतरताना गेला. त्याच्यावर मी लेख लिहिला. त्यावर तुम्ही म्हणालात, आम्ही गिर्यारोहक मंडळी 'आत्महत्येला शौर्याचे हार घालतो'. दोराच्या टोकाला गाठ नव्हती हे आम्ही दडवलं. त्याला आणायला गेलेल्यांचे जीव त्याच्या बेजबाबदारपणाने धोक्यात आले. आणि शेवटी विचारलंत, 'आवडतं ते करताना गेला, पर्वतानेच त्याला बोलावून घेतलं' हे वाक्य त्याच्या आईला वाचून दाखवायची हिंमत आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. वाचून दाखवावं लागलं नाही, त्यांनी ते आधीच वाचलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो उतरत होता ना गं? उतरायला त्याला कधीच आवडायचं नाही."

खरंच आवडायचं नाही. चढताना तासन्‌तास बडबडणारा हा मुलगा माथ्यावर पोचला की गप्प व्हायचा. दोर ओवा, तो कातळाला जिथे अडकवलाय तो अँकर तपासा, खालचा माणूस मोकळा होईपर्यंत लटकत थांबा, या सगळ्याचा त्याला मनापासून कंटाळा होता. म्हणजे माझं वाक्य नुसतं हळवं नव्हतं, खोटं होतं. पर्वत कोणाला बोलावत नाही. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

आता गाठ. गाठ नव्हती, आणि लेख लिहिताना मला ते माहीत होतं. लिहिलं नाही कारण त्याच्यासोबत त्या दिवशी जी मुलगी होती, तिने तोवर त्याच्या आईवडिलांना काही सांगितलं नव्हतं. त्यांना ही गोष्ट माझ्या लेखातून कळावी हे मला मान्य नव्हतं. आता तिने त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं आहे. खालचा मजकूर त्या तिघांनी वाचून होकार दिल्यावरच इथे टाकते आहे.

साठ मीटरचा एक दोर मध्यावर दुमडून, अँकरच्या कडीतून ओवून, दोन्ही पदरांवरून एकदम ते उतरत होते. असं उतरताना दोन्ही टोकं सारखी लोंबत असली पाहिजेत. एक टोक आखूड राहिलं आणि ते डिसेंडरमधून, म्हणजे उतरण्याचा वेग आवरणाऱ्या कमरेच्या साधनातून, निसटलं, तर दोर वरच्या कडीतून सरसर ओढला जातो आणि माणूस सरळ खाली जातो. टोकाला गाठ असली की ती डिसेंडरमध्ये येऊन अडते आणि माणूस लटकत राहतो. प्रुसिक, म्हणजे दोराला आवळून धरणारा छोट्या दोरीचा फास, त्याने लावला होता. पण प्रुसिक हात सुटला तर धरतो, दोरच संपल्यावर त्याला धरायला काही उरत नाही.

पहिल्या चार टप्प्यांत दोन्ही टोकांना गाठी होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही 'गाठ मारायची अक्कल नव्हती' असं लिहिलं आहे. पाचव्या टप्प्याला वारा सुटला, फेकलेला दोर बाजूला उडाला आणि एक गाठ कातळाच्या फटीत जाऊन बसली. ती सोडवायला तासाहून जास्त वेळ गेला. अंधार पडला, ढग खाली आले. सहाव्या टप्प्याला त्याने विचार करून गाठी मारल्या नाहीत. पुन्हा दोर अडकला तर रात्र कड्यावर काढावी लागेल, आणि तिला आधीच हुडहुडी भरली होती. दोराच्या मध्यावरची खूण झिजलेली होती. हेडलाइटच्या उजेडात ती त्याला चुकीच्या जागी दिसली असावी. एक पदर दोनतीन मीटर आखूड राहिला.

चूक होती. जिवावर बेतणारी होती. पण तिच्यामागे एक कारण होतं, आणि ते कारण कळल्याशिवाय पुढच्या माणसाला त्या चुकीपासून वाचवता येत नाही. 'टोकाला गाठ मारा' हे प्रत्येकाला पहिल्या दिवशीच सांगतात. गाठ अडकायला लागली, वारा आहे, सोबतची थंडीने कुडकुडते आहे, अशा वेळी काय करायचं हे कितीजण सांगतात? वाऱ्यात दोर फेकायचाच नाही. दोन्ही पदर वेटोळी करून हार्नेसच्या, म्हणजे कमरेच्या पट्ट्याच्या, बाजूंना अडकवायचे, टोकं स्वतःला बांधायची आणि उतरता उतरता दोर सोडत जायचं.

ही युक्ती मला येते. मी ती त्याला शिकवली नव्हती.

रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणं, तो माझ्याकडेच शिकला, १७ वर्षांचा असताना. टोकाची गाठ मीच शिकवली. आणि दोर जमिनीला टेकलेला दिसतो आहे, घाई आहे, अशा वेळी गाठ न मारता उतरतानाही त्याने मलाच पाहिलं, एकदा नाही, कितीतरी वेळा. 'पर्वताने बोलावून घेतलं' असं मी का लिहिलं, हे तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर कळलं. पर्वताने बोलावलं असेल तर मग माझ्याकडे कोणी बोट दाखवायला नको. हे तुम्ही उघडं पाडलंत. त्याबद्दल तुमचे आभार मानायला मला जड जातं आहे, पण मानते.

मात्र अपघाताच्या दुसऱ्याच दिवसापासून 'चूक कोणाची' असं विचारणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही उभे राहिलात, त्याबद्दल मला बोलायचंच आहे. ती मुलगी दहा दिवस एक शब्द बोलली नाही. फोन उघडला की कोणीतरी विचारायचं, तू तपासलं का नाहीस? अकराव्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि तीन तास बोलली. तेव्हा कोणी तिला काही विचारत नव्हतं. वर लिहिलेलं अडकलेल्या गाठीचं सगळं त्या तीन तासांतून आलं आहे.

१४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या माथ्यावर पहिल्यांदा माणसं पोचली. सात जण होते. उतरताना १९ वर्षांचा हॅडो घसरला. त्याच्या धक्क्याने वाटाड्या मिशेल क्रो गेला आणि त्यांच्या ओढीने सोबतचे गिर्यारोहक हडसन आणि १८ वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस. डग्लस आणि त्याच्या मागचा थोरला पीटर टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला, म्हणून उरलेले तिघे वाचले. टाउगवाल्डरने जीव वाचवायला दोर कापला, अशी कुजबुज सुरू झाली. चौकशी झाली, तो निर्दोष ठरला, तरी ती कुजबुज त्याला चिकटली ती चिकटलीच. खरी गोष्ट अशी, की बरोबर नेलेल्या दोरांपैकी सगळ्यात कमकुवत दोर त्या दोघांमध्ये बांधला गेला होता. तो तिथे का आला, हा प्रश्न विचारण्यासारखा होता. लोकांना माणूस हवा होता.

आमच्यात दुसरीही परंपरा आहे. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी अपघातांचे अहवाल छापतो. काय घडलं, कशामुळे घडलं, टाळता कसं आलं असतं, एवढंच त्यांत असतं. दोराच्या टोकावरून निसटून पडण्याची नोंद त्यांत पुन्हा पुन्हा येते, आणि त्यात नवखे तसेच मुरलेलेही असतात. अमेरिकन गिर्यारोहक ब्रॅड गोब्राइटने २०१७ मध्ये जोडीदारासोबत तिथल्या एल कॅपिटन कड्याच्या 'नोझ' मार्गावर वेगाचा विक्रम केला होता. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोत एल पोत्रेरो चिकोच्या कड्यांवर रॅपलिंग करताना, टोकाला गाठ नसलेल्या दोरावरून तो गेला. ३१ वर्षांचा होता. त्याला अक्कल नव्हती असं त्याच्यासोबत चढलेला कोणी म्हणणार नाही. आमच्या मित्राचा अहवालही आम्ही लिहितो आहोत. त्यात 'शूर' हा शब्द नसेल, 'बेजबाबदार' हाही नसेल. माझ्याकडून काय राहिलं, ते असेल.

बचावपथकाबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. त्यांचं ऋण आहे. रात्री वर जायला त्यांच्या प्रमुखांनी नकार दिला, सकाळी वारा पडल्यावर गेले. आम्ही खाली उभे होतो, आणि तेव्हा तो नकार आम्हाला सहन होत नव्हता. तो बरोबरच होता.

आणि शोक. तुम्ही विचारलंत, एवढे लोक जमून रडता कशाला, थोडी लाज बाळगा. परवा आम्ही त्याच्या सामानाची वाटणी करायला बसलो होतो. हेल्मेट आईने ठेवून घेतलं. कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, मोजले तर त्यातले सहा माझे निघाले. उसने नेलेले, प्रत्येकावर माझी लाल टेप. ते परत घ्यायचे की नाहीत हे मला ठरवता येईना. बाजूला बसलेल्या मुलाने काही न बोलता ते माझ्या हार्नेसला अडकवून दिले. याची लाज मला वाटत नाही.

आता एक विनंती. 'आत्महत्या' हा शब्द. आमचा मित्र सोबतच्या मुलीला खाली सुखरूप नेण्यासाठी धडपडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना फोन करायचं त्याने कबूल केलं होतं. तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही, गाठीबद्दलचा तुमचा प्रश्न तिथे राहायलाच हवा. पण तो शब्द त्याच्या आईने वाचला आहे, आणि त्या रोज ते पान उघडतात. तेवढा एक शब्द तुम्ही स्वतः काढलात तर बरं होईल.